बॅग ऑफ होल्डिंग पुन्हा पुन्हा फाटते? धारदार हत्यारं आत ठेवण्याआधी हे तपासा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या डाइस टाकून, गोष्ट रचत खेळायच्या खेळात ही तक्रार जवळपास प्रत्येक कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणाऱ्या एका सलग गोष्टीत) त्याच वळणावर येते. पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, बॅग ऑफ होल्डिंग ही बाहेरून छोटी पण आत भरपूर मावणारी जादूची पिशवी मिळते, दोन-तीन सेशन सगळे खूश असतात, आणि मग एका लढाईनंतर कुणीतरी म्हणतं, "सगळं गोळा करा, टाका पिशवीत." खेळ चालवणारा डीएम (डन्जन मास्टर) विचारतो, "तलवारी पण?" "तलवारी पण." डीएम पडद्यामागं डाइस टाकतो आणि जाहीर करतो की पिशवी आतून फाटली. पुढचा अर्धा तास खेळ बंद आणि भांडण चालू. "अरे गड्या, म्यानात होत्या की त्या!" "म्यानात घातल्या असं कधी बोललास तू?" सांगलीत आमच्या टेबलावर हे झालंय, मिरजेच्या ग्रुपमध्ये झालंय, आणि साताऱ्याहून रविवारी खेळायला येणारे दोघं तर त्यांच्या जुन्या डीएमच्या नावानं अजून बोटं मोडतात.

मी इथं डन्जन्स अँड ड्रॅगन्सचेच नियम धरून लिहितोय, कारण आपल्याकडं बहुतेक टेबलांवर तेच चालतं. माझ्या मते हे दुखणं पात्यात कमी आहे आणि आधी न ठरवण्यात जास्त. पिशवी फाटल्यावर नियम शोधायला बसलं की जो मोठ्यानं बोलतो त्याचं खरं होतं.

पहिली तपासणी: डोक्यात कुठली आवृत्ती आहे?

निम्मी भांडणं इथंच सुटतात. खेळाच्या नियमांच्या २००३ च्या साडेतीन (३.५) आवृत्तीत बॅग ऑफ होल्डिंग चार आकारांत मिळायची. सगळ्यात लहान पिशवीत २५० पौंड आणि ३० घनफूट, तर सगळ्यात मोठीत १,५०० पौंड आणि २५० घनफूट सामान मावायचं. तिथं नियम स्पष्ट होता: धारदार वस्तू आतून किंवा बाहेरून आरपार गेली तर पिशवी फाटली, आणि आतलं सगळं कायमचं गेलं.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पिशवी एकाच आकाराची आहे. तोंड साधारण २ फूट व्यासाचं, खोली ४ फूट, मर्यादा ५०० पौंड म्हणजे अंदाजे २२७ किलो आणि ६४ घनफूट. पिशवीचं स्वतःचं वजन १५ पौंड, आत काहीही असो. ती प्रमाणाबाहेर भरली, तिला भोक पडलं किंवा ती फाटली तर नष्ट होते आणि आतलं सामान अ‍ॅस्ट्रल प्लेन नावाच्या दुसऱ्याच जगात विखुरतं. लक्षात घ्या, विखुरतं. नाहीसं होत नाही.

म्हणजे जुना डीएम लहानपणी वाचलेला नियम सांगतो, नवा खेळाडू मोबाईलवर नवा नियम काढून दाखवतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पाचव्या आवृत्तीत "आतून किंवा बाहेरून" हे शब्द नाहीत म्हणून आतून भोक पडूच शकत नाही, असा वकिली मुद्दा काही जण काढतात. तो मला पटत नाही. भोक कुठूनही पडलं तरी भोकच. पण दुसऱ्या बाजूनं हेही खरं की धारदार वस्तू आत *असणं* आणि तिनं कापड *फोडणं* यात फरक आहे. नियम दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतो, आणि बरेच डीएम पहिल्यावरच डाइस उचलतात.

(२ फूट व्यास आणि ४ फूट खोली असलेल्या नळकांड्याचं घनफळ साडेबारा घनफुटांच्या आसपास येतं, ६४ नाही. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकणारा आमचा एक खेळाडू दर कॅम्पेनला हे नव्यानं सांगतो. जादू आहे बाबा, पुढं चल.)

दुसरी तपासणी: खरंच पात्यानं फाटली, की वजनानं?

पिशवी फाटली की पहिला संशय तलवारीवर जातो. वजनाची बेरीज मात्र कुणी करत नाही. एक नेहमीचा हिशोब बघा. बारा गॉब्लिन (छोटे राक्षस) मारले. प्रत्येकाची सिमिटर (वाकडी तलवार) ३ पौंड, ढाल ६, चामड्याचं चिलखत १०, छोटं धनुष्य २. एकाचे २१, बारा जणांचे २५२ पौंड. त्यात आधीच्या किल्ल्यातून उचललेली दोन पूर्ण प्लेट चिलखतं, प्रत्येकी ६५, म्हणजे १३०. आणि ६,००० नाणी. पन्नास नाण्यांचा एक पौंड होतो, म्हणजे १२० पौंड. एकूण ५०२. पिशवी दोन पौंडांनी गेली आणि बोल मात्र बिचाऱ्या चोराच्या एक पौंडाच्या खंजिराला, कारण तो शेवटी टाकला होता.

बरं, ते गॉब्लिनचं सामान भरायचंच कशाला? २०१४ च्या नियमांत सरळ लिहिलंय की राक्षसांनी वापरलेली हत्यारं आणि चिलखतं विकण्याजोगी क्वचितच असतात. चांगल्या स्थितीतल्या हत्याराला बाजारात निम्मी किंमत येते, गंजक्या सिमिटरला तीही नाही. डीएमनं हे पहिल्याच लढाईनंतर सांगून टाकावं. आमच्याकडं एवढ्यानंच पिशवीतल्या उघड्या पात्यांची संख्या एकदम खाली आली. भंगार गोळा करायची खोड ही बऱ्याच खेळाडूंना कॉम्प्युटर गेममधून लागलेली असते. तिथं प्रत्येक गंजकी सुरी कुणीतरी विकत घेतंच.

तिसरी तपासणी: टोकाच्या मागं जोर कुठून आला?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलताना हमाल लोखंडी आकडा मारतात तो बघा. आकडा पोत्याशेजारी दिवसभर पडून राहिला तर एक धागा तुटत नाही. त्यावर पोत्याचा भार आला की तागाची वीण सरकते, आणि ओढताना मनगट चुकलं तर हळद जमिनीवर. पिशवीचंही तसंच धरावं: टोक आणि जोर दोन्ही एकत्र आले तरच धोका.

मग खेळात हा जोर येतो कधी? चालताना, मुक्काम करताना, घोड्यावर बसताना मी डाइस मागत नाही. रोज शंभर वेळा होणाऱ्या गोष्टीवर डाइस टाकायला लागलं की आज ना उद्या एक येणारच, आणि मग ती पिशवी म्हणजे नुसता टाइमबॉम्ब होतो. माझ्याकडं डाइस येतो तो चार प्रसंगांत.

लांब हत्यार कोंबलं तर. पिशवी ४ फूट खोल आहे. भाला टोक खाली करून घातला, दांडा तोंडाबाहेर राहिला आणि पठ्ठ्यानं तो दाबून वरून नाडी आवळली, तर ते भोक त्यानं स्वतःच्या हातानं पाडलंय. इथं मी एकदा विचारतो, "दाबतोस का?" हो म्हणाला तर पुढचं त्याचं नशीब.

पिशवी घेणारा उंचावरून पडला तर. अजिंक्यताऱ्यासारख्या गडाचा नकाशा टेबलावर असला की हे ठरलेलंच. कुणीतरी कड्यावरून जातोच.

शत्रूनं मुद्दाम पिशवीवरच वार केला तर. हुशार शत्रू हे करतील, गॉब्लिन सहसा नाही.

आणि चौथा प्रसंग सगळ्यात धोक्याचा, ज्याचा विचार खेळाडू कधीच करत नाहीत: आत जिवंत प्राणी. पकडलेला कैदी "तात्पुरता" पिशवीत घालायची कल्पना प्रत्येक पार्टीला सुचते. २०१४ च्या नियमानं आतली हवा एका प्राण्याला १० मिनिटं पुरते, दोघांना प्रत्येकी ५. आता सहा सेकंदांची एक फेरी धरली तर १० मिनिटं म्हणजे १०० फेऱ्या. एक घाबरलेला गॉब्लिन शंभर फेऱ्या अंधारात बसलाय, भोवती तुम्हीच भरलेल्या बारा सिमिटर आहेत, आणि बाहेर पडायला त्याला एकच छेद पुरे. तो तलवार उचलणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यापुढं मी हात जोडतो. कैदी घालायचाच असेल तर आधी हत्यारं बाहेर काढा, नाहीतर त्याचे हात बांधा, आणि दोन्ही गोष्टी मोठ्यानं बोला.

पिशवी उलटी केल्यावर मात्र मी डाइस मागत नाही. उलटी केली की सामान बाहेर सांडतं आणि सामानाला काही होत नाही, असं नियमच सांगतो. पिशवी फक्त पुन्हा सुलटी करावी लागते. "उलटी करताना तलवारीनं कापली" हा निकाल मी दोन ठिकाणी ऐकलाय. तो नियमाला धरून नाही.

आता उपाय

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एक कायमची सूचना. पिशवी मिळाली त्याच सेशनला पार्टीनं एका कागदावर लिहावं: पाती म्यानात, म्यान नसेल तर चामड्यात किंवा घोंगडीत गुंडाळून दोरीनं बांधलेली, बाण भात्यात, टोकं एकाच दिशेला. खाली डीएमची सही. यानंतर "पिशवीत टाकलं" म्हटलं की ते असंच टाकलं असं धरायचं. लढाई चालू असताना घाईत टाकलं तर मात्र ही सूचना लागू नाही, आणि तेही त्याच कागदावर असावं. आमच्या टेबलावर हा कागद आल्यापासून "बोललास का, नाही बोललास" हा वाद उरलेला नाही.

म्यानाची किंमत काय, हे विचारणारा एक तरी निघतोच. २०१४ च्या सामानाच्या यादीत म्यान वेगळं विकायला ठेवलेलं नाही. बाणांचा भाता १ सोन्याच्या नाण्याला, त्यात २० बाण मावतात. क्रॉसबोच्या बोल्टची पेटीही १ नाण्याला, तिच्यातही २०. मी दुकानातून घेतलेल्या तलवारीबरोबर म्यान फुकट धरतो आणि लुटलेल्या तलवारीसाठी खेळाडूला चामडं गुंडाळायला लावतो. कुणाकडं लोहारकामाचं किंवा चामडेकामाचं कौशल्य असेल तर त्याला मुक्कामात दोन-चार म्यानं बनवू द्या. ते कौशल्य एरवी कॅरेक्टर शीटवर धूळ खात पडलेलं असतं.

पेटारा आत ठेवायचा सल्लाही ऐकायला मिळतो. मोजून बघा. नेहमीचा पेटारा १२ घनफुटांचा. तो ३ बाय २ बाय २ फूट धरला तर त्याच्या चौकोनी तोंडाचा कर्ण २.८ फूट होतो आणि पिशवीचं गोल तोंड २ फुटांचं. जात नाही. पिंप जातं: ४ घनफुटांचं, २ सोन्याच्या नाण्यांना मिळणारं. वजन मात्र ७० पौंड, तेवढं ५०० मधून वजा होणार. आखूड तलवारी, कुऱ्हाडी, खंजीर टोक खाली करून पिंपात उभे केले की तळाचं लाकूड मार खातं, कापड नाही. मला हा उपाय सगळ्यात आवडतो, कारण तो दिसतो. खेळाडूला चित्र डोळ्यासमोर आलं की तो स्वतःहून नीट बांधतो.

गोखरूंबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण डीएम लोकांचा सगळ्यात आवडता बहाणा तोच. नियमांच्या यादीत गोखरू, म्हणजे ते कॅलट्रॉप, सुटे विकत नाहीत. वीसची पिशवी येते, १ सोन्याचं नाणं, वजन २ पौंड. म्हणजे एक साधी, बिनजादूची पिशवी ते वीस काटे सांभाळतेय. मग ती पिशवी तशीच मोठ्या थैलीत गेली तर थैली का फाटावी? काटे सुटे ओतले तर ती वेगळी गोष्ट.

वाघनखं आणि दांडपट्टा

१९ जुलै २०२४ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बघायला ठेवली होती. त्यानंतर आमच्या भागात प्रत्येक दुसऱ्या 'रोग'ला (चोर-पात्राला) वाघनख हवं असतं, आणि ते द्यावंच. खंजिराचे आकडे वापरले की काम भागतं. पण ठेवायच्या बाबतीत खेळाडूंचा अंदाज उलटा असतो. "मुठीत लपतं एवढं छोटं, पिशवीत काय करणार?" छोटं आहे हे खरं. पण नखं आत वळलेली असतात. सरळ पातं कापडावरून घसरू शकतं, वळलेलं टोक अडकतं आणि ओढलं की फाडतं. पिशवीत हात घालून दुसरीच वस्तू घाईत बाहेर काढताना अडकलेलं वाघनख हा मी मान्य करतो असा पाचवा प्रसंग. तोडगा सोपा: लाकडाच्या ठोकळ्यावर नखं रोवून ठेवा, किंवा सरळ कमरपट्ट्याला. नाहीतरी लपवून नेण्याचं हत्यार पिशवीतून एक पूर्ण अ‍ॅक्शन (फेरीतली आपली एक कृती) खर्चून काढायचं, यात त्याची गंमतच जाते.

दांडपट्ट्याचं पातं लांब आणि लवचीक, मूठ कोपरापर्यंत हात झाकणारी. तो बॅग ऑफ होल्डिंगमध्ये घालूच नका. बाहेर पाठीला बांधा.

महाग उपाय, आणि त्यातली फसगत

पैसे आणि नशीब दोन्ही असतील तर क्विव्हर ऑफ एलोना हा जादूचा भाता मिळवा. तीन कप्पे: आखूड कप्प्यात ६० बाण किंवा तत्सम, मधल्यात १८ जॅव्हेलिन (फेकायचे भाले), लांब कप्प्यात धनुष्य, काठ्या, भाले अशा ६ वस्तू. वजन कायम २ पौंड. त्याच्या वर्णनात धारदार वस्तूनं फाटण्याची अट नाही, आणि वस्तू काढायला साध्या भात्यातून किंवा म्यानातून काढण्याइतकाच वेळ लागतो. लांब हत्यारांचा प्रश्न इथंच संपतो.

पण हा भाता मिळाल्यावर हुशार खेळाडू काय करतो? भाताच बॅग ऑफ होल्डिंगमध्ये ठेवतो. भात्याचे कप्पेही एक्स्ट्रा-डायमेन्शनल, म्हणजे जादूनं जोडलेल्या वेगळ्याच, जागेलाच जोडलेले आहेत. बॅग ही हँडी हॅवरसॅक (जादूची पाठपिशवी), पोर्टेबल होल (घडी घालून नेता येणारा जादूचा खड्डा) किंवा "तत्सम" वस्तूच्या जागेत गेली तर दोन्ही नष्ट होतात, अ‍ॅस्ट्रल प्लेनचं दार उघडतं आणि १० फुटांच्या आतले सगळे ओढले जातात, असा नियम आहे. भाता "तत्सम" मध्ये येतो का, आणि बॅग भात्यात जाण्याऐवजी भाता बॅगेत गेला तर काय, यावर डीएम-डीएमचं मत वेगळं पडेल. टेबलावर ते आजमावून बघू नका.

हँडी हॅवरसॅकबद्दल लोकांचा गैरसमज आहे की ती जास्त सुरक्षित. मागितलेली वस्तू नेहमी वर येते म्हणून सोयीची आहे, पण धारेच्या बाबतीत ती बॅगेपेक्षा कडक आहे. तिच्या वर्णनात धारदार वस्तूचा उल्लेख २०१४ मध्येही आहे, आणि ती फाटली की आतलं कायमचं जातं. फक्त आर्टिफॅक्ट (दुर्मिळ, बलाढ्य जादुई वस्तू) कुठंतरी पुन्हा उगवतो. दोन्ही जवळ असतील तर औषधं, कागद, दोर हॅवरसॅकमध्ये आणि पाती बॅगेत. बहुतेक पार्ट्या नेमकं उलटं करतात. पोर्टेबल होलला, ६ फूट व्यास आणि १० फूट खोली, भोक पडण्याची अटच नाही. ते मिळालं तर सगळं शस्त्रागार तिथं हलवा आणि बॅग दुसऱ्याच्या खांद्यावर द्या. उरलेले दोघं त्या दोन वस्तूंच्या मधून चालतील.

डीएमसाठी आकडे

"फाटली" असं एका डाइसवर सांगण्यापेक्षा पिशवीला हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, द्या. २०१४ च्या डीएमच्या मार्गदर्शनात कापडाचा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) ११ आहे, लहान आकाराच्या टिकाऊ वस्तूला १० हिट पॉइंट, आणि बहुतेक जादुई वस्तूंना सगळ्या डॅमेजपासून रेझिस्टन्स, म्हणजे निम्मंच डॅमेज. वरच्या प्रसंगांपैकी एक घडला की सुट्या हत्याराचा डॅमेज डाइस टाका, निम्मा करा, वजा करा. सुट्या खंजिरानं जास्तीत जास्त २ जातील. सुट्या ग्रेटसोर्डनं ६. पिशवी उसवायला लागली हे खेळाडूला आधी कळतं, आणि तो मेंडिंग या दुरुस्तीच्या मंत्रानं शिवून घेऊ शकतो. हा माझा घरचा नियम आहे, पुस्तकातला नाही. पुस्तकाप्रमाणं भोक पडलं की संपलं. पूर्ण फाटल्यावर मेंडिंगनं कापड शिवलं जाईल, जादू परत येणार नाही, हे मात्र पुस्तकातलंच.

फाटलीच तर

दोन गोष्टी लगेच तपासा. डीएमनं पार्टीलाही अ‍ॅस्ट्रल प्लेनमध्ये ओढलं का? ओढलं असेल तर त्यानं दोन नियम एकात मिसळलेत. ओढण्याचा प्रकार फक्त एका जादुई जागेत दुसरी घातल्यावर होतो. नुसतं फाटल्यावर सामान जातं, माणसं जागेवरच राहतात. दुसरं, सामान संपलं असं तो म्हणाला का? पाचव्या आवृत्तीत ते विखुरलेलं आहे, शोधता येतं. दुसऱ्या जगात नेणारा प्लेन शिफ्ट सातव्या पातळीचा मंत्र आहे, म्हणजे तेराव्या लेव्हलचा विझार्ड (जादूगार) किंवा क्लेरिक (पुजारी) लागेल. पार्टी पाचव्या लेव्हलला असेल तर असा कुणीतरी शहरात शोधायचा, तो फी काय मागतो ते बघायचं, आणि घासाघीस करायला बार्डला (भाटाला) पुढं करायचं. गेलेल्या सामानाची यादी त्याच रात्री लिहून डीएमकडून तपासून घ्या. महिन्यानं विचारलं तर त्या पिशवीत निदान तीन जादुई तलवारी होत्या, असं प्रत्येकाला आठवतं.